पाणी खालून येते

आमचं गाव पवनीजवळ, वैनगंगेच्या काठावर. नदीचं पाणी वरून येते, हे इथल्या लेकराले सांगावं लागत नाही. वरच्या धरणाचे दरवाजे उघडायच्या आधी भोंगा वाजते, मग पाणी चढते. अन् भरती म्हटली की आमच्याकडे एकच, पोलीस भरती. माझी लहान पोरगी तिच्यासाठी रोज मैदानावर धावते.

मोठी पोरगी कोकणात नर्स आहे, खाडीकाठी खोली घेऊन राहते. आम्ही नवराबायको तिच्याकडे गेलो होतो. ती ड्युटीवर गेल्यावर हे म्हणाले, "चाल, नदीवर आंघोळ करून येऊ." शेजारीण दारातून म्हणाली, "जा, पण भरती लागायच्या आत परत या हो." यांनी विचारलं, "भरती? पोलिसाची का?" तिला वाटलं, थट्टा करताहेत. ती हसली, मीही हसली. आग लागो त्या हसण्याले!

खाडीत पाणी घोट्याएवढंच होतं. हे चालत मधल्या रेतीच्या उंचवट्यावर गेले. मी काठावर कपडे घेऊन बसली. थोड्या वेळानं माझ्या चपला ओल्या झाल्या. मागे सरकवल्या, पुन्हा ओल्या. मान वर केली, तर पाण्यावरचा एक नारळ डोंगराकडे चालला होता. माय वं, नदी उलटी वाहून राहिली!

"अजी, या लवकर! पाणी चढून राहिलं!"

यांनी कपाळावर हात धरून डोंगराकडे, वरच्या अंगाले पाह्यलं. "वरून तर काहीच नाही येत. काहून बोंबलून राहिली?"

"वरून नाही, खालून! मागे पाहा ना!"

त्यांनी मागे पाह्यलं अन् तिथंच खिळले. वैनगंगेत पोहून मोठा झालेला माणूस, पण पळावं कोणत्या अंगानं, हेच त्याले समजेना. पाणी कंबरेले लागलं. मले वाटलं, गेला माझा माणूस. कपडे फेकून मी पाण्यात घुसली, तर कोणीतरी दंड धरून मागे ओढलं. शेजारीणच होती ती, माझी बोंब ऐकून धावत आली होती. तिच्या नवऱ्यानं होडी घातली अन् यांच्या काखेत हात घालून आत ओढलं.

मग तिनं समजावलं. समुद्राचं पाणी चढलं की ते खाडीत शिरतं, त्याला भरती म्हणतात. दिवसातून दोनदा येते, रोजची वेळ पाऊणएक तास पुढं सरकते, पुनवेला अन् अवसेला जोर जास्त. हे मान हलवत ऐकत होते.

आम्ही गावाले परतलो. परवा लहान पोरगी मैदानावरून धावतच घरी आली. "बाबा, भरती निघाली!" कधीपासून वाट पाहून राहिली होती बिचारी. हे खाटेवरून ताडकन उठले अन् नदीकडे पाहू लागले. खालच्या अंगाले.

"काहून बाबा, खुशी नाही झाली का तुमाले?"

मी यांचा हात धरायले गेली. पण आधी वाकून माझ्याच चपला पाह्यल्या, ओल्या झाल्या का.