पातेल्यातलं इंजिन ऑइल

पातेल्यातलं तेल तापत आलं, की तिचा नवरा त्यात बोट बुडवायचा. मग ते काळंकुट्ट बोट अंगठ्यावर चोळत म्हणायचा, "बघ, आता कशी सुटली धार!" त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, त्याचीच तिला सगळ्यात जास्त किळस यायची. तेलाची त्यानंतर.

तेल खायचं नव्हतं, इंजिनातलं होतं. दारात सासऱ्यांची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी उभी असायची. सासरे वीज कंपनीत तारा दुरुस्त करायचे. बर्फात खांब पडला की हीच गाडी घेऊन ते डोंगरावर जायचे. पुढे कंपनीने गाडी मोडीत काढली आणि सासऱ्यांनी ती घरी आणली. तिला सगळे आत्याबाई म्हणायचे, कारण ती कुठेही निघताना सगळ्यांना तिष्ठत ठेवायची, आणि निघाल्यावर वाटभर कुरकुरायची.

हिवाळ्यात आत्याबाईंचे लाड विचारू नका. रोज संध्याकाळी नवरा गाडीखाली सरपटत जाऊन इंजिनातलं तेल डब्यात काढायचा. बॅटरी उचलून थेट झोपायच्या खोलीत आणायचा आणि पलंगाच्या पायथ्याशी शाल गुंडाळून ठेवायचा. शाल सुनेची. तिला ॲसिडने चाळणीसारखी भोकं पडली होती. सकाळी ते तेल घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात ओतून गॅसवर ठेवायचं, गरम झालं की बाहेर नेऊन परत इंजिनात. का, तर थंडीत तेल गोठतं आणि गाडी चालू होत नाही.

सूनबाईचं काम नेमकं उलट्या जातीचं. ती गावातल्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून भिंगं घासायची. काचेवर धुळीचा एक कण राहिला तर सगळी मेहनत फुकट, म्हणून ती दिवसातून कितीदा तरी हात धुवायची. आणि घरी आलं की दाराच्या कडीला तेल, दिव्याच्या बटणावर काळा अंगठा, साबणावर काळ्या रेघा. एकदा चहाच्या कपात तिला इंद्रधनुष्य दिसलं. तिने कप मोरीत ओतला आणि तीनदा घासला.

"तेल कपात नाही, तुझ्या डोक्यात आहे," नवरा हसत म्हणाला आणि त्याच बोटांनी त्याने तिचा गाल कुरवाळला.

तिला या घरातून निघायचं होतं. दुकानाच्या वरच्या दोन खोल्या मालकीणबाईंनी तिच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. नवऱ्यालाही पसंत होत्या, निदान तो तसं म्हणायचा. मात्र थंडी सुरू झाली की त्याचं एकच पालुपद: "हिवाळा जाऊ दे. बाबांना एकट्याला हे तेलाचं जमायचं नाही. गाडी बंद पडून राहिली तर त्यांचा जीव जाईल." मागच्या हिवाळ्यातही हेच आणि त्याच्या आधीच्या हिवाळ्यातही हेच. हिवाळा गेला की खोल्यांचा विषय बर्फासारखा विरघळायचा. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "शनिवारपर्यंत सांग बाई. मग मी दुसरं कोणी बघते."

शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याला पंपावरून बोलावणं आलं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. थंडीने मोठा पाइप फुटला होता. तो तसाच पळाला. आत्याबाईंचं तेल इंजिनात राहिलं आणि बॅटरी गाडीत.

शनिवारी सकाळी रस्त्यावर गुडघाभर बर्फ. बस बंद. सूनबाई बूट घालून दारात उभी, तोंड एवढंसं झालेलं.

"चल, मी सोडतो," सासरे म्हणाले.

"कशी सोडता बाबा? तेल रात्रभर इंजिनातच होतं. गोठून त्याचा दगड झाला असेल."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला, टोपी कानांवर ओढली आणि बाहेर गेले. चोक ओढला, बटण दाबलं. आत्याबाई एकदा खोकल्या, दुसऱ्यांदा खोकल्या आणि चक्क चालू झाल्या. मागून काळ्या धुराचा लोट निघाला आणि पांढऱ्याशुभ्र बर्फावर काजळी सांडली.

सूनबाई आत जाऊन बसली. सीटला ओल्या कुत्र्यासारखा वास येत होता.

"ही चालू कशी झाली?"

"चालू व्हायला काय झालं? नवी बॅटरी आहे."

"आणि तेल?"

सासऱ्यांनी काचेच्या आतल्या बाजूला साचलेला बर्फ बाहीने खरवडला. "आमच्या वेळचं तेल डांबरासारखं व्हायचं. तेव्हा तापवावंच लागायचं. हल्ली हिवाळ्याचं पातळ तेल मिळतं. याहून दुप्पट थंडी पडली तरी गोठत नाही."

"मग आपण रोज सकाळी काय शिजवतो?"

"त्याला आवडतं गं. त्याच्या लहानपणी मी तेल तापवायचो, तेव्हा हा स्टुलावर बसून बघायचा."

"त्याला माहीत आहे? हे तापवावं लागत नाही ते?"

"डबे तोच आणतो की. वर एवढ्या मोठ्या अक्षरात छापलंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी कशाला बोलू?" सासरे पुढे बघत म्हणाले. "मुलगा घरात राहतो. मला काय, बरंच आहे."

आतापर्यंत तिला हा म्हातारा गरीब बिचारा वाटत होता. आता त्याच्या कानातून बाहेर आलेले केससुद्धा तिला बघवेनात. दोघं बापलेक रोज सकाळी तिच्या नाकासमोर तेलाचं नाटक करत होते, एक नट आणि एक प्रेक्षक, आणि पातेलं घासायला ही.

चढाच्या पायथ्याशी गाडी थांबली. "खाली उतर. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक गोल खटका आहे, ते दोन्ही फिरव. त्याशिवाय पुढच्या चाकांना जोर मिळत नाही. एकच फिरवलास तर उपयोग नाही."

ती उतरली. खटका बर्फाहून गार होता आणि ग्रीसने बरबटलेला. तिने नाक मुरडलं, पण हाताला सवय होती. भिंग फ्रेममध्ये नीट बसलं की बोटाला एक बारीकसा धक्का जाणवतो, तसाच इथेही जाणवला. एक बसला, मग दुसरा.

चढावर सासऱ्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी पुसला, पुन्हा धरली. "काही दिसत नाही. तुझ्याच हातची भिंगं आहेत ना ही?"

"भिंगं बरी आहेत. गाडीला हीटर नाही."

"मग तू घे."

लायसन्स तिच्याकडे होतं. ती स्टेअरिंगवर बसली. स्टेअरिंगही चिकट.

"दुसरा गिअर. घाई नको, थांबायचंही नाही. उतारावर ब्रेकला पाय लावलास तर दोघंही नाल्यात. इंजिनच धरून ठेवेल."

आणि धरलं. चारही चाकं बर्फ चावत चढली. मागची चाकं जराशी सरकली की पुढची ओढून घ्यायची, आणि ते तिला सीटमधून, तळव्यांमधून कळत होतं. माथ्यावर पोचल्यावर समोर अख्खा उतार पसरला होता, एकही रेघ न उठलेला, पॉलिश केलेल्या काचेसारखा. तिने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. गाडी घुरघुरत, तोलून मापून खाली निघाली. तिला हसू फुटलं.

"काय, आवडलं ना?" सासरे म्हणाले.

आवडलं होतं. आणि या वासात, या चिकटपणात, या माणसाच्या शेजारी बसून आवडलं, याची तिला स्वतःचीच शिसारी आली. दुकानासमोर गाडी थांबवून ती उतरली.

मालकीणबाई शटर वर करत होत्या. "काय ठरलं गं तुमचं?"

"घेतल्या. आज रात्रीपासून."

"दोघं ना?"

"विचारते," ती म्हणाली आणि आत जाऊन हात धुतले. साबण लावून, दोनदा.

संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा झाला. ती बसने घरी आली आणि मोठी बॅग पलंगावर उघडली. आधी आपले कपडे भरले, मग त्याचे. त्याचे तिन्ही स्वेटर नीट घड्या घालून वर ठेवले. तिला तेवढी आशा होती. तो कबूल करेल, हसेल, म्हणेल, 'सापडलो बुवा,' आणि बॅग उचलेल. तेवढं पुरलं असतं.

नवरा आला तो लटपटतच. पंपावर पाइपातलं पाणी गोठलं होतं, लोखंड फाटलं होतं. ते जोडण्यात त्याची रात्र आणि अख्खा दिवस गेला होता. ओठ फुटलेले, बोटं निळी पडलेली. तिने त्याला गरम पाणी दिलं. क्षणभर तिला त्याची दया आली.

"सकाळी बाबांनी गाडी चालू केली," ती म्हणाली. "तेल न तापवता. एका झटक्यात."

बाहेरच्या खोलीत सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

नवऱ्याने निळी बोटं पाण्यात बुडवली. मग म्हणाला, "हो का? आज थंडी जरा कमी होती."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ती 'हो' म्हणेल याची तो खरंच वाट बघत होता. ती आत गेली, बॅगेतून त्याचे स्वेटर एकेक करून बाहेर काढले आणि पलंगावर ठेवले. तिन्हींना तेलाचा वास येत होता.