पेले धुण्याचा मान

बाईंच्या डोक्यात हवा गेली नाही, असं सगळे म्हणत, आणि ते ऐकताना बाई मान खाली घालत. मान खाली घातली की चेहरा दिसत नाही, ही त्यातली एक सोय.

शिवणाच्या एका मशीनपासून सुरुवात करून त्यांनी गणवेशांचा मोठा कारखाना उभा केला होता. खाली कापणी, मधल्या मजल्यावर शिवण, वर इस्त्री आणि तपासणी. बाई उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतल्या नव्हत्या. सगळ्यांच्या आधी येत, कामगारांच्या बाकावर बसून डबा खात, कुणाकडे आजारपण निघालं तर स्वतः जाऊन बसत. कामाला हात लावण्याआधी केबिनमध्ये उभ्या राहून रोज प्रार्थना करत, "प्रभू, मला जमिनीवर ठेव." त्यांचं ते पहिलं मशीन केबिनच्या कोपऱ्यात मांडलेलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ते दाखवत आणि म्हणत, "मी इथून आले."

वन्सं, म्हणजे बाईंच्या गेलेल्या नवऱ्याची थोरली बहीण, तपासणीच्या टेबलावर बसत. दोघी एकाच घरात राहत. कपडा उलटा करून आतली शिवण बघायची, हे वन्संचं काम, आणि ही जित्याची खोड माणसांच्या बाबतीतही सुटत नसे. एकदा त्या मशीनवरून बोट फिरवून म्हणाल्या, "धूळ नाही हो जराही. दोरा पण नाही." बाई हसल्या. वन्संच्या जिभेला हाड नाही, हे त्यांना सवयीचं झालं होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा विधी, असे. द्राक्षरस काचेच्या अंगठ्याएवढ्या पेल्यांतून दिला जाई. लाकडी ताटाला खाचा होत्या, एकेका खाचेत एकेक पेला. उपासना संपून लोक अंगणात गप्पा मारायला लागले, की बाई बाह्या दुमडून मागच्या खोलीत जात. त्या पेल्यांत बोट शिरत नाही. सुती कापडाची पट्टी ओली करून आत फिरवावी लागते, मग दोन पाणी, मग फडक्यावर पालथे. हे काम त्यांनी धरलं तेव्हा त्या दुसऱ्याच्या कारखान्यात शिवलेल्या कपड्यांचे लोंबते दोरे कापत होत्या. मंडळीत कुणी ओळखीचं नव्हतं. देवाला द्यायला हातात काही नव्हतं, होते ते हातच. म्हणून त्यांनी हात दिले.

पुढे कारखाना झाला, नाव झालं, पण पेले काही त्यांनी सोडले नाहीत. चर्चच्या पाळकांनी ही गोष्ट उपदेशात सांगितली, एकदा नव्हे, पुष्कळदा. बाहेरून आलेले पाहुणे मागच्या खोलीच्या दारात उभे राहून बघून जात. "एवढी मोठी बाई, आणि बघा!" बाई म्हणत, "त्यात काय मोठंसं," आणि पुसलेला पेला उजेडात धरून पुन्हा पुसत.

कारखान्यात एक इस्त्रीवाली होती. हात चलाख, पण लक्ष वाऱ्यावर. तिनं गरम इस्त्री कपड्यावर तशीच टेकवून ठेवली आणि फोन घ्यायला गेली. कपड्यांच्या ढिगानं पेट घेतला आणि शेजारच्या मुलीचा हात भाजला. त्याआधीही तिला सांगून झालं होतं. बाईंनी तिला काढून टाकलं. ते बरोबरच होतं, वन्संसुद्धा काही बोलल्या नाहीत.

काही दिवसांनी तीच इस्त्रीवाली चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दिसली. बाई स्वतः उठून तिच्याजवळ गेल्या, तिचा हात हातात घेतला. सगळ्यांनी पाहिलं. मग प्रभुभोजनाचा रविवार आला आणि बाई मागच्या खोलीत पेले उतरवत होत्या, तेव्हा ती बाह्या दुमडून दारात उभी राहिली.

"बाई, आज मी धुते."

"अगं नको. तू बस बाहेर."

"सावकाश धुईन हो. मला येईल."

"असू दे," बाई हसून म्हणाल्या. "हे माझं काम आहे."

आवाज अगदी मऊ होता. इस्त्रीवालीनं कोरडेच हात कपड्याला पुसले आणि ती गेली. पुढच्या रविवारी शेवटचा बाक रिकामा होता. त्याच्या पुढच्याही.

वन्संनी हा विषय घरी, मटार सोलता सोलता काढला. "येत नाही हल्ली ती."

"कामावरून काढल्याचा राग असेल," बाई म्हणाल्या.

"काढल्यावरच आली ना गं ती? राग असता तर फिरकली असती का इकडे?" वन्संनी एक शेंग फोडली. "कामावरून काढलंस, ते बरोबर केलंस. कारखाना तुझा. पण ते पेले काय तुझ्या कारखान्यातले होते?"

"वन्सं, काच नाजूक असते. ती किती धांदरट आहे, तुम्हाला माहिती आहे."

"मग फुटले असते."

"मी ते काम मिरवायला करत नाही!"

"मिरवायला सुरुवात नव्हती केलीस, ते मी पाहिलंय. पण आता सगळ्यात वरची जागा तुझी, आणि सगळ्यात खालचीही तूच अडवून बसलीस. बाकीच्यांनी बसायचं कुठं?"

बाई ताडकन उठून आपल्या खोलीत गेल्या. राग आला होता, आणि खरं बोललेल्याचा राग लवकर उतरत नाही. त्यांनी गुडघे टेकले. "मला जमिनीवर ठेव," हे रोजचे शब्द ओठांवर आले आणि तिथंच थांबले. प्रभू शिष्यांचे पाय धुतो, तो भाग त्यांना फार आवडे. तो वाचताना त्यांनी स्वतःला नेहमी पाण्याच्या भांड्याशी पाहिलं होतं. पाय पुढे करून बसलेल्यांत कधीच नाही. त्या शिष्यांतला पेत्र आधी पाय धुऊन घ्यायला नाही म्हणाला होता. पेत्राला नम्रता वाटली होती ती. बाईंना लाज वाटली, अगदी आतून, आणि ती लाज कुणाला दाखवण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या इस्त्रीवालीला शोधत गेल्या. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत ती चादरींना इस्त्री करत होती. खोलीत वाफ भरलेली. बाईंना बघून तिनं आधी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, मगच वळली.

"परत येतेस का?" बाई म्हणाल्या. "इस्त्रीवर नाही. घड्या घालायला."

"काम आहे बाई मला. त्या दिवशी काम मागायला नव्हते आले मी."

"मग?"

"तिथं सगळे काही ना काही करतात. कुणी गातं, कुणी पोरांना शिकवतं. मला काय येतं? म्हटलं, हात तर आहेत." ती चादरीची कड सरळ करत राहिली. "तुम्हीपण तशीच सुरुवात केली होती ना? पाळकसाहेबांनीच सांगितलं होतं. म्हणून तर धीर झाला."

कारखान्यात शेकडो माणसांना आज्ञा देणाऱ्या त्या बाईला एक वाक्य जुळवताना घाम फुटला.

"मी चुकले," त्या म्हणाल्या. "कामाचं नाही म्हणत. पेल्यांचं म्हणते. माफ कर मला."

इस्त्रीवालीनं चादरीची घडी घालून बाजूला ठेवली. "फुटला एखादा, तर?"

"फुटू दे," बाई म्हणाल्या. म्हणायला काय जातं!

पुढच्या प्रभुभोजनानंतर बाई बाकावरच बसून राहिल्या. कुणीतरी विचारलं, "बाई, तब्येत बरी नाही का?" आता ते काम मी तिला दिलं, हे उत्तर जिभेच्या टोकावर होतं, आणि त्यावर काय कौतुक झालं असतं तेही त्यांना ठाऊक होतं. "बरी आहे," एवढंच त्या म्हणाल्या. रिकामे हात मांडीवर कुठं ठेवावेत ते कळेना.

आतून खळ्ळकन आवाज आला. बाई अर्ध्या उठल्या. वन्संनी त्यांचं मनगट धरलं.

"बस."

बाई बसल्या. आत पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

त्यानंतरच्या महिन्यात इस्त्रीवाली शेवटच्या बाकावर न जाता बाईंच्या शेजारी येऊन बसली. त्या दिवशी चर्च भरलेलं होतं, पेले मोजकेच. ताट सगळीकडून फिरून त्यांच्या बाकाशी आलं, वन्संनी पेला उचलला, आणि मागे एकच उरला. शेजारची खाच सुरुवातीपासूनच रिकामी होती. इस्त्रीवालीचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही घ्या बाई," ती कुजबुजली. "माझ्याच हातून फुटला."

'असू दे, तूच घे,' हे बाईंच्या ओठांवर तयार होतं. आयुष्यभराच्या सवयीनं तयार होतं. मागच्या बाकांवरचे लोक बघत होते, आणि नाही म्हणणं फार सोपं होतं. बाईंनी ते शब्द गिळले.

"अर्धा तू पी," त्या म्हणाल्या, "आणि उरलेला मला दे."

इस्त्रीवालीनं अर्धा प्यायला, पेल्याची कड अंगठ्यानं पुसली आणि पेला पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला.