मलिद्याच्या ताटावर ऐकलेलं

हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही. आणि आज सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे — ते हलकं व्हावं अशी माझी इच्छाच नाही.

आधी एक ऐकून घ्या. बातमी खरी होती. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. हे मी वर्षानुवर्षं स्वतःला ऐकवलं, पत्रकारितेच्या शिबिरांतून पोरांनाही ऐकवलं. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाला खासगी असं काही उरत नाही, लोकांना जाणून घ्यायचा हक्क आहे, वगैरे. टाळ्या पडायच्या. लोकांचा हक्क म्हणे! तेव्हा माझ्या डोक्यात लोक होते तरी कुठे?

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. पनवेलच्या एका छोट्या साप्ताहिकात मी बातमीदार होतो. रूबेन सर आमचे गणिताचे मास्तर, निम्म्या गावाला त्यांनी त्रैराशिक शिकवलेलं. निवृत्त झाले आणि पाण्याच्या प्रश्नावर चिडून नगरपालिकेला अपक्ष उभे राहिले. बेने इस्राएली माणूस, म्हणजे आपला कोकणातला मराठी ज्यू; पण गावात ते कुणाला मुद्दाम सांगावं लागत नसे. पुतण्या एझ्रा त्यांच्याच घरात वाढलेला. तळोज्याच्या कारखान्यात पाळी करायचा आणि उरलेला वेळ काकांच्या प्रचारात घालवायचा.

सरांच्या मुलीला इस्राएलमध्ये मुलगा झाला, म्हणून घरी मलिदा केला होता. आपण हा शब्द वाईट अर्थानं वापरतो. त्या घरात तो प्रसाद — गोड पोहे, खोबरं, फळं, एलियाहू नबींचं नाव घेऊन वाटलेला. मला घरचा म्हणून बोलावलं होतं. घरचा म्हणून! ताट हातात देताना सरांच्या पत्नी, फ्लोराकाकू, म्हणाल्या, "लेक म्हणते, दोघं कायमचे इकडेच या. मी तर निघाले बाबा."

सर हसले. "तू जा. मी कुठे येतोय? माझं सगळं आयुष्य या गावात गेलं. मी इथेच मरणार." मग माझ्याकडे वळले. "हे घरातलं बोलणं हं. पेपरात नको."

तोंडात मलिद्याचा घास होता. मी मान हलवली.

मतदानाच्या आधीचा अंक रिकामा वाटत होता. संपादक म्हणाले, "काहीतरी दे रे, चहाच्या टपरीवर वाचतील असं." आणि मी दिलं. 'रूबेन सर इस्राएलच्या वाटेवर?' त्या प्रश्नचिन्हाच्या आडून मी किती सफाईनं लिहिलं होतं! मुलगी बोलावते आहे — खरं. पत्नीची तयारी सुरू आहे — खरं. आणि सर स्वतः 'नाही' म्हणाले होते, ते? ते मी गाळलं. विसरलो नव्हतो. ते वाक्य घातलं असतं तर बातमीच उरत नव्हती.

पुढचं व्हायचं ते झालं. बाजारात लोक सरांना विचारू लागले, "विमान कधी सर?" ज्यांना त्यांनी हात धरून गणित शिकवलं तेच म्हणाले, जाणाऱ्याला मत कशाला द्यायचं? सर पडले. पण माझा गुन्हा इथे संपत नाही. खरं सांगायचं तर इथे सुरू होतो.

बातमीवर माझं नाव छापलेलं नव्हतं. निकालानंतर सर माझ्या घरी आले. रागावून नव्हे. खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "तू लिहिलं नसशील, हे मला ठाऊक आहे. पण तुझ्या संपादकांपर्यंत हे गेलं कसं?"

मी म्हणालो, "सर, शपथ घेऊन सांगतो, मी नाही. तुमच्या घरातल्याच कुणीतरी सांगितलं म्हणे."

घरातल्या कुणीतरी. त्या घरात माणसं होती किती? काकू सांगणार नाहीत. उरला कोण? हे मला बोलताना कळत नव्हतं? कळत होतं. पूर्ण कळत होतं.

सरांनी पाणी तसंच ठेवलं. घरी जाऊन त्यांनी एझ्राला काय विचारलं ते मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की एझ्रा आपली बॅग घेऊन तळोज्याला मित्राच्या खोलीवर राहायला गेला, आणि काकापुतण्यांनी पुन्हा एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. वर्षभरात सर काकूंबरोबर निघून गेले. इथेच मरणार म्हणणारा माणूस इस्राएलमधल्या अशदोदला वारला. आणि मला? त्याच बातमीचं कात्रण दाखवून मला मुंबईच्या दैनिकात नोकरी मिळाली.

तेव्हा कृपा करून मला समजावू नका. वय लहान होतं, सगळेच असं करतात, बातमी खरी होती — ही सगळी वाक्यं माझीच आहेत, मला तोंडपाठ आहेत. सहानुभूतीही नको. मी रडत नाहीये. चांगली नोकरी केली, मानानं निवृत्त झालो, सगळं उपभोगलं.

एझ्रा खारघरला राहतो. कालच त्याच्या घरी जाऊन त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका गेले ते मला चोर समजूनच गेले." मी "हो" म्हणालो. क्षमा मागितली नाही. मागितली असती तर ती द्यायची की नाही, हे ओझंही त्याच्याच डोक्यावर टाकल्यासारखं झालं असतं. त्यानं उठून दार उघडलं. मी बाहेर पडलो.

गावात अजूनही काही म्हातारे म्हणतात, पुतण्यानं काकाला बुडवलं. त्यांच्यासाठी हे लिहिलं. सांगणारा एझ्रा नव्हता. मी होतो.