दुसऱ्याच्या नोकरीची काळजी

दुसऱ्याच्या नोकरीची आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या नाशकात सापडणार नाही. हा दुसरा म्हणजे एकोणिसाव्या शतकातला एक जर्मन पंडित. हिब्रू, अरबी, सीरियाक या भाषांपायी त्याने जन्म घालवला. एसटीतून निवृत्त झालेल्या काकांना त्याचं जाडजूड इंग्रजी चरित्र रद्दीत सापडलं आणि तेव्हापासून तो त्यांच्या घरचाच झाला. या भाषा उजवीकडून लिहितात हे कळल्यावर काका पेपर शेवटच्या पानापासून वाचू लागले. आमच्या गजबजलेल्या द्वारका चौकातही ते उजव्या कडेने उलटे चालायचे. रिक्षावाले काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. चरित्राचं शेवटचं पान उघडायला मात्र सक्त बंदी. रोज भिंगातून एकच पान, आणि मग जिन्यात भेटेल त्याला बातमी: "अजून बिनपगारीच शिकवतोय बिचारा." प्रोफेसरची जागा त्याच्याच विद्यार्थ्याला मिळाली, त्या दिवशी काका जेवले नाहीत.

त्यात काकांचा मोतीबिंदू पिकला. आणखी उशीर केलात तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. काका म्हणाले, त्या माणसाची नोकरी लागल्याशिवाय मी ऑपरेशनला झोपणार नाही. काकूंनी समजूत काढली, अबोला धरून पाहिला, शेवटी वर येऊन मला म्हणाल्या, "तुझं इंग्लिश चांगलं आहे. भराभर वाचून दाखव बाई, आणि लाव त्या मेल्याला कुठेतरी."

मी चारचौघांत तोंड उघडत नाही. शाळेत हजेरीलाही नुसता हात वर करायचे. तरी रविवारी चारला खाली जाऊन बसले. वाचायचं आणि मराठीत सांगायचं. अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. असे काही रविवार गेले आणि एकदा विद्यापीठाचं बोलावणं आलं. ते वाक्य मी दोनदा वाचलं. काकांनी मला पुस्तक मिटायला लावलं. मग स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, लागला एकदाचा. डॉक्टरांना फोन कर." काकूंनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग फोन केला.

डोळा वाचला. पट्टी निघाल्यावर काकांनी समोरचं कॅलेंडर वाचलं, मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू एवढीशीच होय? आवाजावरून चांगली मोठी बाई वाटायचीस." मला इतकं हलकं वाटलं की मी सगळ्यांसमोर हसले.

आता काका स्वतःच वाचतात. पंडित म्हातारा होत चाललाय, म्हणून दिवसाला अर्धंच पान. मला बोलावत नाहीत. गरजच उरली नाही, आणि ते चांगलंच झालं. फक्त रविवारी चार वाजले की मी उगाच घसा साफ करते, आणि वर आमच्या घरात ऐकायला कोणी नसतं.