नाताळाच्या आधी नाताळ नाही

केकची बशी पुढे आली की ती बशीवर तळहात पालथा ठेवायची. बशी ढकलायची नाही, मानही हलवायची नाही. भांड्यावर झाकण ठेवावं तसा नुसता हात ठेवायचा आणि म्हणायचं, "आधी नाही." समोर चिनी माणूस असो, फिलिपिनो असो की आपल्यापैकी कोणी असो, ती हे मराठीतच म्हणायची. आणि मुलांनो, गंमत अशी की ते सगळ्यांना कळायचं.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला विचारलंत की आजी, तुझं झाड कुठे आहे? तुमच्या अमेरिकेत थँक्सगिव्हिंगची टर्की संपते न संपते तोच दिव्यांचं झाड उभं राहतं. माझ्याकडे ते चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी उभं राहतं. तुमच्या आईला वाटतं, आता माझ्याच्यानं खोकी उचलवत नाहीत. मला खोकी चांगली उचलवतात. झाड उशिरा येतं ते या बाईमुळे. म्हणून तिच्याबद्दल लिहिते आहे.

ती आपल्या वसईचीच. मुलीकडे राहायला इथे सिंगापूरला आली, मरीन परेडच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, वरच्या मजल्यावर. मुलगी वन-नॉर्थला संशोधनाच्या कामात. नवऱ्याशी फारकत झालेली, पदरात एक मुलगी. आमची पहिली भेट पॅरिशच्या चर्चच्या पायऱ्यांवर झाली. मी फोनवर तुमच्या मामाशी मराठीत बोलत होते. ती मागून आली आणि फोन संपायची वाटही न बघता म्हणाली, "वसई का? कुठली?" मी शाळेत शिकवलेलं, म्हणून त्या दिवसापासून ती मला टीचर म्हणायची आणि अगं-तुगंही करायची. मी तिला बाय म्हणायचे. आमच्याकडे बाईमाणसाला हाक मारायला याहून जास्त काही लागत नाही.

आमच्या पॅरिशमध्ये नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी आभाराची मिस्सा असते. इथे त्या दिवशी सुट्टी नसते. काही अमेरिकन कुटुंबांनी ही मिस्सा फार पूर्वी मागून घेतली, पुढे फिलिपिनो आले, मग सगळेच यायला लागले. लोक ऑफिसातून तसेच येतात. अर्पणाच्या वेळी प्रत्येकानं आपल्या वर्षभराच्या कामातलं काहीतरी वेदीपाशी न्यायचं. नर्स स्टेथोस्कोप नेते, कोणी झारा नेतो, मुलं वह्या नेतात. नंतर खालच्या हॉलमध्ये घरून आणलेलं जेवण.

पहिल्या वर्षी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आगेराच की."

"आगेरा ऑक्टोबरात असतो, बाय."

"आभाराला महिना लागतो का, टीचर? भात लागतं."

तुम्ही आगेरा पाहिलेला नाही. नव्या भाताच्या लोंब्या कापून देवळात न्यायच्या, फादरांनी त्यांना आशीर्वाद द्यायचा, मग एकेक लोंबी प्रत्येकानं घरी न्यायची. तोवर नवा दाणा तोंडात घालायचा नाही. माझ्या लहानपणी हा नियम मी पाळला आहे. तिनं मात्र तो सिंगापूरच्या कॉरिडॉरमध्ये पाळायचं ठरवलं. मूठभर भाताचं बियाणं तिनं कुठून मिळवलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन बादल्यांत चिखल केला, वर पाणी ठेवलं, आणि दाराबाहेर ऊन येतं तिथे भात लावलं.

इथे साचलेलं पाणी म्हणजे मोठा गुन्हा. डेंग्यूच्या तपासणीला माणूस आलाच. मी तेव्हा तिच्याकडेच चहाला होते. तो टॉर्च मारून इथल्या 'लाह' लावायच्या इंग्रजीत म्हणाला, "आंटी, वॉटर कॅनॉट लाह."

तिनं त्याला बोटानं जवळ बोलावलं. "यू सी. फिश."

बादलीत खरोखरच इवलेसे मासे फिरत होते. "फिश ईट मॉस्किटो. यू ईट राईस?"

"यस, आंटी."

"देन?"

तो माणूस बराच वेळ वाकून बघत राहिला. शेवटी त्यानं माशांचा फोटो काढला, बादल्या भिंतीला सरकवायला सांगितल्या आणि गेला. "मुलगा चांगला आहे," ती म्हणाली. "पण जेवतोय त्याचं झाड कधी पाहिलं नव्हतं त्यानं."

आभाराच्या मिस्सेला ती लाल लोकरीनं बांधलेली लोंब्यांची जुडी घेऊन रांगेत उभी राहिली. मिस्सेची व्यवस्था बघणाऱ्या बाई कुजबुजल्या की हे प्रोग्राममध्ये नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "रेन आल्सो नॉट इन प्रोग्राम." रांगेतली मुलं फिस्सकन हसली. फादर तरुण, इथलेच. त्यांनी जुडी दोन्ही हातांनी घेतली आणि वास घेतला. मग खाली हॉलमध्ये ती प्रत्येकाच्या हातावर चार दाणे ठेवत फिरली. तेवढ्यात कोणीतरी हिरवी पानं आणि लाल मणी लावलेला नाताळचा केक पुढे केला, आणि तो तळहात मी पहिल्यांदा पाहिला.

"अजून आगमनकाळसुद्धा लागला नाही, टीचर. चार रविवार वाट बघायची, मग बाळ. यांनी बाळ आधी काढलंय, वाट मग बघणार?"

मी म्हणाले, "जग असंच चालतं, बाय."

"चालू दे ना. मी कुठे त्याच्या पायात आले? मी चालणार नाही, एवढंच."

ती उदास बाई होती असं समजू नका. चोवीसच्या रात्री मिस्सेहून आली की तिच्या घरी जो नाताळ व्हायचा, तसा या बेटावर दुसरीकडे होत नसेल. फुग्या, नेवऱ्या, कुलकुल, बाटलीतल्या मसाल्याचं मटण. शेजारचं चिनी म्हातारं जोडपं पायजम्यातच येऊन बसायचं. कॅरोल तर ती इतक्या वरच्या पट्टीत गायची की नात म्हणायची, "आजी, सॉफ्टली लाह, पोलीस येतील." ती म्हणायची, "येऊ दे. त्यांनाही फुगी दे." आणि हे सगळं पुढे कितीतरी दिवस चालायचं. इतर लोक सव्वीस तारखेला झाडं खाली टाकायचे तेव्हा हिचं तोरण नुकतं रंगात आलेलं असायचं.

दोन नाताळ असे गेले. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात तिच्या पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की नाताळापर्यंतचं काही सांगता येत नाही. मुलगी मला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी भेटली. समोरची कॉफी तिनं तशीच ठेवली होती.

"आंटी, मी यंदा नाताळ आधी करणार आहे. आभाराच्या मिस्सेनंतर क्वायरला घरी बोलावलंय. केक, कॅरोल, गव्हाणी, सगळं. तिला एक नाताळ द्यायचाय मला."

"तिला विचारलंस?"

"विचारलं तर नाहीच म्हणेल."

"मग?"

"मग नाही विचारणार," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. आईला आवडणारी गोष्ट तिच्या हाताला लागेल एवढी जवळ सरकवायची, यात वाईट काय आहे? मी फुग्या करून आणायचं कबूल केलं.

त्या गुरुवारी बायची खाट खिडकीपाशी लावली होती. खिडकीतून ईस्ट कोस्टचा समुद्र आणि नांगरलेली जहाजं दिसत होती. मिस्सेला येण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. फादरांनी प्रसाद घरी पाठवला होता. कोपऱ्यात टेबलावर नातीनं कापूस पसरून गव्हाणी मांडली होती. बाळ येशू गवतावर निजलेला. निजल्या जागेवरून तिला ते टेबल दिसत नव्हतं. क्वायर कॉरिडॉरमध्ये उभा राहिला, क्वायर चालवणाऱ्या फिलिपिनो बाईनं हात उचलला, आणि कॅरोल सुरू झाली.

पहिली ओळ संपायच्या आत बायनं चादर डोक्यावरून ओढून घेतली.

एकेक आवाज गळत गेला. मागे उभ्या असलेल्या एका जाड आवाजाच्या माणसाला काही दिसत नव्हतं. तो बिचारा एकटाच आणखी दोन ओळी गात राहिला. मग तोही थांबला.

चादरीखालून आवाज आला, "गेले का?"

"नाही आजी," नात म्हणाली. "दे आर ऑल हिअर."

"मग केक कापा आणि खा. मी नाही खाणार."

"आई," मुलगी म्हणाली, "लोक तुझ्यासाठी आलेत."

"माझ्यासाठी आलेत तर माझं ऐकतील."

"एक गाणं ऐकलंस तर काय बिघडेल गं? देवसुद्धा रागावणार नाही."

"तो नाही रागावणार. मी रागावलेय."

तेव्हा मुलीचा धीर सुटला. लोकांना कळू नये म्हणून ती मराठीत बोलत होती, पण तिचा आवाज कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेला असेल. "तू नाताळापर्यंत असशील का, आई? सांग ना. असशील का?"

बायनं हळूहळू चादर खाली घेतली. चेहरा अगदी लहान झाला होता, पण डोळे तेच होते.

"नसेन," ती म्हणाली. "मला काय कळत नाही? नसेन तर वाट बघता बघता जाईन. आपल्याकडे कितीजण असेच गेले. ते काय फसले? मला जे यायचंय ते खरं यायचं आहे, बाळा. तू आधीच खोटं आणून ठेवलंस तर मी कशाची वाट बघू?"

मुलगी खाटेच्या कडेला बसली. बाय कोपरावर रेलून उठली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मुलीच्या खांद्यावरून तिला एकदम ते टेबल दिसलं. "ते बाळ कोणी ठेवलं?"

"मी," नात म्हणाली.

"उचल. हातरुमालांच्या खणात ठेव. थंडी नाही वाजणार त्याला."

नातीनं बाळ उचललं. क्वायरवाल्यांना शब्द कळले नव्हते, पण हे कळलं. त्या फिलिपिनो बाईनं पुढे येऊन विचारलं, "आंटी, व्हॉट वुई सिंग?"

"टुडे थर्सडे. टुडे थँक्यू," ती म्हणाली. "सिंग थँक्यू."

त्यांनी आभाराचं स्तोत्र म्हटलं. मग तिनं एकेकाला खाटेपाशी बोलावून कशाबद्दल आभार ते सांगायला लावलं. जाड आवाजाचा माणूस म्हणाला की त्याला नवीन नोकरी मिळाली. नात म्हणाली, गणितात पास झाले. मुलीची पाळी आली. तेव्हा बायच म्हणाली, "मी हिच्याबद्दल आभार मानते. हिला खोटं बोलता येत नाही. आठवडाभर चेहऱ्यावर कॅरोल घेऊन फिरत होती." मुलगी रडता रडता हसली. फुग्या मात्र बायनं दोन खाल्ल्या. म्हणाली, फुग्या काय, बारशालाही करतात.

त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये कोणी म्हणालं, फार हट्टी बाई. आणखी कोणी म्हणालं, आजारपणात माणूस असा होतो. मला त्याचा राग आला, अजून येतो. आजारपणानं ती अशी झाली नव्हती. आजारपणालाही तिनं स्वतःला बदलू दिलं नाही. मरायला टेकलेल्या माणसाचं मन जपायला सगळे धावतात, पण त्याचं म्हणणं कोणी जपत नाही. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा कोणाच्या तरी खाटेपाशी बसाल. तेव्हा एवढं लक्षात ठेवा.

आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. दुपारी, खिडकीकडे तोंड करून. आदल्या दिवशी मला म्हणाली होती, "टीचर, फादरला सांग, आगमनकाळाचा जांभळा झगा घाल. मी वाटेत असेन."

इथे माणूस गेलं की ब्लॉकच्या खाली, खांबांमधल्या मोकळ्या जागेत मंडप घालतात आणि दोन-तीन दिवस लोक येऊन बसतात. तिचीही पेटी तिथेच ठेवली. समोरच्या ब्लॉकखाली रहिवासी मंडळाच्या लोकांची नाताळची सजावट चालली होती. दुसऱ्या संध्याकाळी आम्ही रोझरीला बसणार तेवढ्यात तिकडचे लाऊडस्पीकर सुरू झाले. कॅरोल, एकामागून एक.

क्वायरची ती फिलिपिनो बाई मुलीच्या हातावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाली, "राहू दे. छान वाटतंय. शेवटी तिला नाताळ मिळाला."

मुलगी उठली. पांढरा शर्ट, काळी पँट, दोन दिवसांची झोप नाही. ती दोन ब्लॉकांमधला रस्ता ओलांडून सरळ त्या स्पीकरपाशी गेली. मी तिच्या मागून गेले, कारण ती काय बोलेल याची मला खात्री नव्हती. तिथे लाल टोपी घातलेली एक वयस्क चिनी बाई दिव्यांची माळ सोडवत होती. मुलीनं तिला मंडप दाखवला आणि आवाज बंद करायला सांगितलं.

"अय्या, सॉरी, सॉरी," ती बाई गडबडली. "तुझी आई? तिला ही गाणी आवडायची नाहीत का?"

"खूप आवडायची," मुलगी म्हणाली. "म्हणून तर."

त्या बाईनं डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली आणि वाकून स्विच बंद केला.