सुभेदारांची बोलकी गाडी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. रविवारी सकाळी साताऱ्यातून आमच्या तीन गाड्या निघतात, वाटेत कुठंतरी मिसळीला थांबतात, आणि तिथं प्रत्येकाला दुसऱ्याबद्दल काहीतरी सांगायचंच असतं. घरी आलो की हेल्मेट खुंटीला लावून मी ते लिहून काढतो. आता मागं वळून पाहिलं तर निम्म्याहून जास्त पानांवर एकच माणूस. सुभेदार.

सुभेदार तोफखान्यातून निवृत्त झाले. तोफांनी एक कान पूर्ण नेला आणि दुसरा अर्धा ठेवला. कानातलं मशीन आणून झालं, पण त्यात त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या आवाजाबरोबर कुकरची शिट्टी आणि भांड्यांचा आवाजही तेवढाच मोठा व्हायचा, म्हणून ते डबीत गेलं. घरात काकींना ओरडूनच बोलावं लागे. ओरडून माणूस किती बोलणार? 'जेवायला या', 'लाईट गेली', एवढ्यावर त्यांचा संसार आला होता.

मग सुभेदारांनी जुन्यातली एक मोठी, लांबच्या प्रवासाची टूरिंग मोटरसायकल घेतली. पुढं दोन स्पीकर, रेडिओ, मागं सोफ्यासारखी सीट, आणि दोन हेल्मेटं. हेल्मेटात हेडफोन आणि माइक. काकी मागं बसून हळू आवाजात काही बोलल्या तरी ते थेट सुभेदारांच्या चांगल्या कानात.

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला. त्याचं म्हणणं एकच, "अप्पा, ऐकू येत नाही, तर हायवेला गाडी कशाला? विकून टाका." त्याला काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. पण मी सुभेदारांच्या मागून बरीच वर्षं गाडी चालवली आहे. आम्ही कानावर भिस्त ठेवतो, ते आरशावर ठेवतात. त्यांच्याइतकं मागं बघून चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही.

*

गाडी नवीन असतानाची गोष्ट. स्पीकरचा आवाज किती ठेवायचा याचा सुभेदारांना अंदाज नव्हता. त्यांना ऐकू येईल इतका ठेवला, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू येईल इतका.

गाणं लावून ते आमच्या कॉलनीत हळूहळू शिरले, तर चार घरांतून बायका बादल्या घेऊन धावत बाहेर. घंटागाडी आली असं वाटलं त्यांना!

सुभेदार ब्रेक लावून थांबले. काय झालं त्यांना कळेना. आमच्यातला बंडू, ज्याचं बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान आहे, तो मागून आला. त्यानं गाडीच्या मागं दोन्ही बाजूंना असलेल्या सामानाच्या पेट्यांकडं बोट दाखवलं आणि बायकांना म्हणाला, "वैनी, ओला डावीकडं टाका, सुका उजवीकडं."

*

या गाडीचा वेग वाढला की रेडिओचा आवाज आपोआप वाढतो, वाऱ्यात ऐकू यावं म्हणून. वेग कमी झाला की आवाज उतरतो. आम्हा शिकल्यासवरल्यांना हे वाचून कळलं. काकींनी ते पहिल्याच फेरीत ओळखलं.

मागं बसणाऱ्याला काटा दिसत नाही. त्यामुळं सुभेदार नेहमी म्हणायचे, "साठच हाय." ही थाप बाकी कुठल्याही गाडीवर खपली असती.

कराडच्या अलीकडं सरळ रस्ता लागला आणि काकी शांतपणे म्हणाल्या, "आवं, बातम्या मोठ्या झाल्या."

सुभेदारांनी मुकाट्यानं वेग कमी केला. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये कुणी जोरात गेलं की आम्ही एवढंच म्हणतो. बातम्या मोठ्या झाल्या.

*

कराड सोडलं की रेडिओवर साताऱ्याचं स्टेशन खरखरायला लागतं आणि सांगलीचं हळूहळू लागतं. कुठल्या चढावर कुठलं स्टेशन स्वच्छ येतं, हे सुभेदारांना पाठ आहे. अशाच एका चढावर ते बाजारभाव ऐकायला थांबले. शेजारी उसाची तोड चालू होती. तिथला एक म्हातारा कोयता खांद्यावर टाकून आला.

"हळदीचं काय म्हणतोय?"

"थांबा, सांगल," म्हणून सुभेदारांनी आवाज वाढवला. बघता बघता माणसं गोळा झाली आणि गाडीभोवती उकिडवी बसली. आता हळद विकायची का थांबायचं, यावर वादही झाला. गाडी कितीची, किती पळते, असं कुणीच विचारलं नाही. भाव संपले, सुभेदारांनी गाडी चालू केली.

म्हातारा उठून धोतर झटकत म्हणाला, "उद्या कवा येनार गाडी?"

*

आमच्या तिन्ही गाड्यांची हेल्मेटं एकमेकांना जोडता येतात. एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू येतं. मी सगळ्यांत पुढं होतो आणि माझ्या नेहमीच्या बेतानं चाललो होतो. कानात काकींचा आवाज आला.

"हे पुढचं भाऊजी गाडी चालवत्यात का म्हशी वळवत्यात?"

मी म्हणालो, "काकी, मला ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हनूनच बोलले."

पण त्याच दिवशी सांगलीहून परतताना वेगळंच झालं. काकी सुभेदारांना जुनं काही सांगत होत्या. ते सीमेवर असताना घरात काय काय झालं होतं ते. प्रशांतला ताप आला होता, विहिरीचं पाणी आटलं होतं, सासूबाईंशी त्या महिनाभर बोलल्या नव्हत्या. सुभेदार मधेच "व्हय?" म्हणायचे, "मला न्हाई कळवलंस" म्हणायचे. बंडूनं माझ्या बरोबरीला गाडी घेतली आणि हेल्मेटावर बोट टेकवून खूण केली. आम्ही दोघांनी आपापलं बटण बंद केलं.

*

मागच्या हिवाळ्यात प्रशांत गिऱ्हाईक घेऊनच आला. माणूस विट्याचा, बाहेर कुठल्यातरी शहरात सोनं गाळायचं दुकान. भला गृहस्थ, भाव पाडत नव्हता. सुभेदार मुलाला हो म्हणून बसले होते. "पोराला झोप लागत न्हाई म्हनतोय. मग कशाला?" एवढंच बोलले.

रविवार होता, निघायची वेळ. मी आणि बंडू हेल्मेट घालून फाटकात उभे. सुभेदार मागच्या बाजूला पाण्याचा कॉक बंद करायला गेलेले. काकी आत दशम्या बांधत होत्या. निघण्याआधी त्या स्वयंपाकघरात हेल्मेट घालतात, सुभेदार अंगणात घालतात, आणि आवाज पोहोचतो का ते बघतात. फौजेतली सवय.

गिऱ्हाईक म्हणालं, "जरा आवाज कसा आहे बघू की."

प्रशांतनं सीटवरचं अप्पांचं हेल्मेट उचललं आणि दाखवायला म्हणून आधी स्वतः घातलं.

तेवढ्यात काकींचा आवाज आला. आम्हा तिघांच्याही कानात.

"ऐकताय न्हवं? पोरावर रागावू नगा. त्यो काळजीनंच करतोय. गाडी जाऊ दे गेली तर. फकस्त आज जरा लांबनं जाऊ. माझं अजून लय सांगायचं ऱ्हायलंय."

काकी वाट बघत होत्या.

"आवं, ऐकताय न्हवं?"

प्रशांतनं ओठ माइकजवळ नेले. त्याचं बोलणं एरवी अगदी पुण्याचं. तो अप्पांसारखा घोगरा आवाज काढून म्हणाला, "व्हय. ऐकतोय."

मग त्यानं हेल्मेट काढलं. सुभेदार हात पुसत येत होते, त्यांच्या हातात दिलं.

विट्याच्या पाहुण्यानं हात पुढं केला. "आण की, मीबी ऐकतो."

"नाही जमणार," प्रशांत म्हणाला. "त्यांचं बोलणं चालू आहे."