ताटलीतले पाहुणे

समस्त यवतमाळ जिल्ह्यास अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, माझ्या साडूइतका संशयी मनुष्य या भूमीवर आजवर झाला नाही, आणि पुन्हा होऊ नये अशी प्रार्थना आहे. घरात तुरीची डाळ आली की हा ती ताटात पसरून आधी तीत हरभऱ्याची शोधतो. राळेगावच्या एका लग्नात पंगतीतल्या एका इसमाकडे बघून यानं माझ्या कानात सांगितलं, हा ना मुलाकडचा, ना मुलीकडचा. मी नुकताच त्या इसमाला नवरदेवाचा मामा समजून दुपट्टा-टोपी दिली होती, वर पायाही पडलो होतो. तो बाजूच्या मंगल कार्यालयातून जेवायला आलेला निघाला.

पोटासाठी हा पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मेंदूतल्या गाठी वाढवतो. म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा कण काचेच्या ताटलीत ठेवायचा, त्यातल्या पेशींना खाऊपिऊ घालून वाढवायचं, मग त्यांच्यावर औषधं टाकून बघायची. मी मात्र बोरी अरबला, म्हणजे आम्हा दोघांच्या सासरी, सांगत सुटलो की धाकट्या जावयानं कॅन्सर बाटलीत कोंडलाय. लगेच सत्कार ठरवला, फ्लेक्स लावला. त्यावर त्याच्यापेक्षा माझा फोटो थोडा मोठा आला, तो छापणाऱ्याचा दोष.

सत्काराच्या दिवशी चहा घेताना त्याला फोन आला आणि चहा तसाच राहिला. कोणी सांगितलं नसताना यानं स्वतःच्याच ताटल्या तपासायला दिल्या होत्या, त्यांचा अहवाल आला होता. गाठीच्या कणासोबत मेंदूच्या चांगल्या पेशीही आल्या होत्या, आणि त्याच तिथं खाऊन-पिऊन फोफावल्या होत्या. आजारी पेशी केव्हाच मरून गेलेल्या. म्हणजे इतक्या वर्षांचं काम, नव्या औषधाचे सगळे निकाल, चुकीच्या पेशींवर. मी त्याला कोपऱ्यात घेऊन विनवलं की निदान हार पडेपर्यंत गप्प राहा.

तो म्हणाला, “भाऊ, त्या औषधावर उद्या कोनी भरोसा ठेवीन नं. मले आज समजलं, तं आजच सांगतो.”

आणि स्टेजवर त्यानं सांगितलं की मी वाढवली ती गाठ नव्हतीच, आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि करू देतील की नाही तेही माहीत नाही. मी शाल उलगडून उभा, घालावी की परत घडी करावी या विचारात. माझ्या लांबलचक प्रास्ताविकात माझंच नाव कितीदा तरी येऊन गेलं होतं. आमचे सासरे भरवशाचं म्हणून दिलेलं औषध घेऊनही मेंदूच्या गाठीनंच गेले आणि त्यानंतर हा या कामाला लागला, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं होतं.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. जावयांसमोर आवाज न चढवणारी बाई. धाकट्या जावयाकडे बघता बघता बसल्या जागेवरून त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मंग तुमच्या सासऱ्याले औषध देल्लं, तवा असा संशयी मानूस कुठी गेलता हो, जावईबापू?”